ठेवणीतली सही

आपल्यापैकी ज्यांच्या खिशात किंवा कनवटीला या घटकेला एखादी नोट असेल त्यांनी ती जरा काढून पाहावी. दहाची असो, शंभराची असो. तीवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी धारकाला तितके रुपये देण्याचे वचन दिलेले असते, आणि त्या वचनाखाली त्यांची सही असते. आता ही सही गव्हर्नरांनी त्या नोटेवर बसून केलेली नाही हे शाळेतले पोरदेखील सांगेल. त्यांनी सही केली ती एकदाच, कोठल्यातरी कोऱ्या कागदावर. तिचा ठसा उतरवला गेला आणि तो कोट्यवधी नोटांवर उमटला. रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ ची. तिचे पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही मात्र एकाही नोटेवर आली नाही, कारण बँकेची पहिली नोट निघाली ती १९३८ च्या जानेवारीत. पाच रुपयांची, दुसरे गव्हर्नर सर जेम्स टेलर यांच्या सहीची. पुढे १९४३ साली आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, हे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि एका मराठी माणसाची सही देशभरच्या बाजारात फिरू लागली. ज्या शेतकऱ्याने चिंतामणरावांना कधी पाहिले नाही, त्यानेही त्यांच्या सहीवर विश्वास ठेवून बैल विकला.

हाताने एकदा केलेली, जपून ठेवलेली, आणि मग पाहिजे तेव्हा पाहिजे त्या कागदावर उमटवलेली ही जी सही, तिला मी आजच्या भाषणापुरते ‘ठेवणीतली सही’ असे नाव देतो. लग्नाकार्याला काढायचा शालू जसा ठेवणीतला, तशी ही सही. नोटेपुरती ती थोरांच्याच वाट्याला येत होती. आता ती तुमच्या आमच्या घरी आली आहे. गावच्या शाळेचे हेडमास्तर, पतपेढीचे सचिव, ग्रामपंचायतीचे कारभारी यांच्यापैकी पुष्कळांच्या सहीचे चित्र कार्यालयातल्या संगणकात ठेवलेले असते. दाखला टाइप करायचा, खाली ते चित्र चिकटवायचे, की झाला दाखला. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण मी इतिहासाचा मास्तर. सोय दिसली की तिची वंशावळ पाहावी अशी खोड आहे. ती पाहू जाता एक गोष्ट ध्यानात आली, आणि एक गोष्ट माझ्या स्वतःच्या अंगावर आली. दोन्ही सांगतो.

आधी शब्दच घ्या. ‘सही’ हा शब्द मूळचा अरबी, त्याचा अर्थ बरोबर, खरे. म्हणजे सही करणे याचा मुळातला अर्थ नाव लिहिणे असा नव्हेच; कागद वाचून ‘हे बरोबर आहे’ असा शेरा मारणे, हा. नाव लिहिण्याला फारसीत ‘दस्तखत’. दस्त म्हणजे हात, खत म्हणजे लिखाण. हे दोन अर्थ पुढे एकात एक मिसळले. आपण सही म्हणतो आणि करतो दस्तखत. बरोबर आहे की नाही हे पाहायचे राहून जाते. हा भेद मनात असू द्यावा, पुढे तो कामाला येणार आहे.

मराठेशाहीतला कागद कसा होत असे ते पाहू. राजाने किंवा प्रधानाने मजकूर सांगावा, चिटणीस-कारकुनाने तो मोडीत लिहावा. खाली आजच्यासारखी राजाची सही नसे. असे ते दोन शिक्के. माथ्याकडे मोठी मुद्रा आणि मजकूर जेथे संपला तेथे लहान शिक्का, त्याला मोर्तब म्हणत. शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत राजमुद्रा आपण सर्वांनी चित्रात पाहिली आहे. रांझे गावच्या पाटलाने बदअंमल केला म्हणून महाराजांनी त्याला कडक शिक्षा केली, त्या प्रकरणाचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र या मुद्रेचे आहे. त्यांच्या मोर्तबावर अक्षरे होती ‘मर्यादेयं विराजते’. येथे मर्यादा झाली, असा अर्थ. पेशव्यांच्या काळी तेथेच ‘लेखनसीमा’ हा शब्द येई. लिहिण्याची हद्द येथे संपली. याच्या खाली कोणी एक ओळ वाढवली तर ती आमची नव्हे.

मोठी गमतीची गोष्ट आहे ही. वरची मुद्रा सांगते, हा कागद कोणाचा. खालचे मोर्तब सांगते, कागद कोठवर आमचा. महजर किंवा निवाडपत्र लांबलचक असले, दोनचार ताव एकाखाली एक चिकटवलेले असले, तर त्या सांध्यांवर मागल्या बाजूने शिक्के उठवीत, अर्धा या तावावर अर्धा त्या तावावर. मधला ताव बदलला तर शिक्का जुळायचा नाही. शिवाय कागद दप्तरात नोंदला गेला म्हणजे त्यावर ‘बार’ असा शेरा पडे. तेव्हा शिक्कामोर्तब म्हणजे केवळ नावाचा छाप नव्हता. माणूस आणि मजकूर यांची गाठ मारण्याची ती युक्ती होती. पेशवेपदाची वस्त्रे देताना साताऱ्याहून छत्रपती शिक्के-कट्यार देत, ते काही उगीच नव्हे. शिक्का ज्याच्या हाती, शब्द त्याच्या हाती.

आणि जो राजा नाही, प्रधान नाही, त्याचे काय? गोतसभेत निवाडा झाला म्हणजे गावच्या मंडळींच्या निशाण्या त्यावर पडत. पाटील आपल्या नावापुढे नांगर काढी. जुन्या कागदांत ‘निशाणी नांगर’ असे शब्द आणि शेजारी ते छोटेसे चित्र दिसते. बायकांची निशाणी बांगडी. बलुतेदार आपापल्या हत्याराची खूण करीत. मला हे चित्र फार आवडते. ज्याला अक्षर येत नाही तो आपला धंदाच कागदावर काढून ठेवतो, आणि तोही चार माणसांच्या देखत. खोटे पाडायचे झाले तर एकट्याला नव्हे, सगळ्या गावाला खोटे पाडावे लागेल.

आता ठेवणीतल्या सहीकडे वळू. तिची सर्वांत नाणावलेली गोष्ट आपल्याकडची नाही, इंग्लंडची आहे. तेथला राजा आठवा हेन्री. सहा बायका केल्या म्हणून तो आपल्याला ठाऊक असतो. अखेरच्या वर्षांत त्याचे शरीर फुगले होते, पायाला जखमा होत्या, आणि रोज पुढ्यात येणाऱ्या कागदांच्या ढिगाला सही करण्याचा त्याला कंटाळा होता. १५४५ च्या सप्टेंबरपासून त्याच्या दरबाराने एक तोड काढली. राजाची सही उठावाने कोरलेला एक ठसा करविला. तो कागदावर शाई न लावता दाबायचा, म्हणजे सहीचा नुसता खोलगट वळ उठे. मग हाताचा वळणदार असा कारकून त्या वळात शाई भरी. वाळल्यावर पाहणाऱ्याला वाटावे, राजाने आताच टाक खाली ठेवला आहे. याला ते ‘कोरडा ठसा’ म्हणत. ठसा सांभाळणारे राजाचे खासगीतले विश्वासू, सर अँथनी डेनी आणि सर जॉन गेट्स. शाई भरणारा विल्यम क्लार्क. १५४६ च्या ऑगस्टमध्ये त्यांना तसा रीतसर अधिकारही मिळाला. क्लार्कने दर महिन्याला ठसा उठवलेल्या कागदांची यादी करावी आणि ती राजाला दाखवावी असा शिरस्ता होता. तेव्हा व्यवस्था काही ढिसाळ नव्हती. आपल्या कित्येक कार्यालयांपेक्षा बरी होती असे म्हणण्याचा मोह होतो.

तरी घोटाळा व्हायचा तो झालाच, आणि दोन ठिकाणी झाला.

पहिला नॉरफोकच्या ड्यूकचा. हा वृद्ध सरदार राजद्रोहाच्या आरोपावरून टॉवरमध्ये कैदेत होता. त्याच्या मुलाचे, सरेच्या अर्लचे, डोके १९ जानेवारी १५४७ रोजी उडवलेले. बापाला शिक्षा देणारा कायदा पार्लमेंटने केला. त्याला राजाची संमती हवी. राजा मरणशय्येवर. २७ जानेवारीला संमतीच्या कागदावर कोरडा ठसा उठला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूकला मारायचे ठरले. त्या रात्री उत्तररात्रीला राजाच गेला! मेलेल्या राजाच्या नावाने डोके उडवायला कोणी धजेना. ड्यूक वाचला, पण सहा वर्षे तुरुंगात राहिला. १५५३ साली मेरी राणी गादीवर आली तेव्हा पार्लमेंटने ती शिक्षाच रद्द ठरवली. कारण काय, तर त्या संमतीवर राजाच्या हाताची सही नव्हती. म्हणजे सही डोळ्यांना तीच, वळण तेच, ठसा अधिकृत, यादीत नोंद. पण हात नव्हता.

दुसरा घोटाळा याहून थोर, कारण त्यात अख्खे राज्य गुंतले होते. गादीचा वारसा मृत्युपत्राने ठरवण्याचा अधिकार पार्लमेंटने हेन्रीला दिला होता, मात्र ते मृत्युपत्र त्याने स्वहस्ते सही केलेले असावे अशी अट होती. मृत्युपत्रावर तारीख ३० डिसेंबर १५४६ ची, आणि क्लार्कच्या जानेवारीच्या यादीत ठसा उठवलेल्या कागदांत त्याच मृत्युपत्राची नोंद! या मृत्युपत्राने स्कॉटलंडच्या आपल्या थोरल्या बहिणीचा वंश बाजूला सारला होता. त्यामुळे पुढे स्कॉटलंडच्या मेरीच्या बाजूचे मुत्सद्दी म्हणू लागले, की मृत्युपत्र हाताच्या सहीचे नाही, सबब आमचा हक्क शाबूत आहे. मेटलंड नावाच्या त्यांच्या मंत्र्याने १५६७ साली तसे लेखी मांडले. वाद कोर्टात तुटला नाही. १६०३ साली एलिझाबेथ राणी वारली आणि मेरीचाच मुलगा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला. काळाने निकाल दिला, ठशाने नव्हे.

पुढची दोन-अडीच शतके आपण भरभर ओलांडू. रबर कडक करण्याची युक्ती गुडइअरने १८४४ साली पेटंट केली आणि पुढे रबरी शिक्के निघाले. साहेबाच्या सहीचा रबरी शिक्का शिपायाच्या टेबलावर येऊन पडला. अमेरिकेत त्याआधीच एका लेखणीबरोबर दुसरी लेखणी आपोआप हलवणारे यंत्र निघाले होते. अध्यक्ष जेफर्सन १८०४ पासून ते आपल्या पत्रांच्या नकलांसाठी वापरीत. त्याच जातीचे पुढले यंत्र म्हणजे साठवलेली सही आपोआप काढणारी लेखणी. २६ मे २०११ रोजी अध्यक्ष ओबामा फ्रान्समध्ये होते, मध्यरात्री मुदत संपणारा एक कायदा वॉशिंग्टनला सहीसाठी अडला होता. तेथे यंत्राने सही केली आणि कायदा झाला. अध्यक्षांनी मजकूर पाहून हुकूम दिला तर हात यंत्राचा चालतो, असे मत त्यांच्या न्यायखात्याने २००५ सालीच देऊन ठेवले होते. त्यावरही काही लोकप्रतिनिधींनी शंका काढलीच. नॉरफोकचा ड्यूक असता तर त्यानेही काढली असती.

आपल्या हिंदुस्थानात काय घडले? येथे प्रश्न उलटा होता. साहेब लोकांना भीती अशी, की नेटिव्ह माणूस सही करील आणि उद्या म्हणेल ही माझी नव्हेच. १८५८ च्या जुलैत बंगालात जंगीपूर येथे विल्यम हर्शेल हा तरुण अंमलदार रस्त्याच्या खडीचा मक्ता राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला देत होता. कोनाईला लिहिता येत होते बरं का. करार त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिला होता आणि तो सही करणार, इतक्यात हर्शेलला लहर आली. कचेरीच्या शिक्क्याला लावायची जी तेलाची शाई होती तीच त्याने कोनाईच्या तळहाताला फासली आणि पंजा कागदाच्या पाठीवर उमटवून घेतला. हेतू इतकाच, की सही नाकारण्याचा विचारही त्याच्या मनात येऊ नये. धाक! त्या धाकातून बोटांच्या ठशांचे शास्त्र निघाले. हर्शेलने पुढे १८७७ साली हुगळीला पेन्शनी, दस्तनोंदणी आणि तुरुंग या कामांत बोटांचे ठसे घेण्याची रीत घातली, आणि १८९७ साली कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. तिच्या वर्गीकरणाच्या पद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन बंगाली अंमलदारांचा मोठा हात होता, जरी नाव झाले ते त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्री यांचे. असो. नांगर आणि बांगडी मागे पडली, डाव्या हाताचा अंगठा आला. नांगर काढणाऱ्याला कोणी हसत नव्हते. अंगठा उठवणारा मात्र ‘अंगठेबहाद्दर’ झाला. या शब्दातला कुत्सितपणा मला कधीच पटला नाही. अंगठ्याचे चित्र ज्याच्या त्याच्या कातडीत असते. सहीइतके ते खोटे करता येत नाही.

सही खोटी कशी ओळखतात? आपल्याला वाटते, खोटी सही खऱ्या सहीहून वेगळी दिसते म्हणून. पण अमेरिकेत १८६८ साली एक गाजलेला खटला चालला, त्यात नेमके उलटे झाले. हाउलंड आडनावाची एक श्रीमंत बाई १८६५ साली वारली. तिच्या भाचीने एक कागद पुढे केला, त्यावर मावशीची सही. विरुद्ध बाजूने बेंजामिन पीअर्स हे गणिती साक्षीला उभे राहिले. त्यांच्या मुलाने बाईच्या बेचाळीस सह्या एकीवर एक ठेवून ताडून पाहिल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे, की वादातली सही दुसऱ्या एका खऱ्या सहीशी तिच्या तीसच्या तीस उतरत्या रेघांत तंतोतंत जुळते, आणि म्हणूनच ती खोटी! जिवंत माणसाचा हात दोनदा अगदी तसाच चालत नाही. खटल्याचा निकाल दुसऱ्याच कायदेशीर मुद्द्यावर लागला, पण पीअर्स यांचा मुद्दा माझ्या मनात बसला होता. तो माझ्याच बाबतीत उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

आता ती माझी गोष्ट. मी ज्या महाविद्यालयात त्या वेळी शिकवीत होतो, त्याचे नाव सांगत नाही. चूक कोणा एकाची नव्हती, आणि होती तर त्यात माझाही वाटा होता. २०२० साली टाळेबंदी आली. कॉलेज बंद, परीक्षांचे गुण मात्र वर पाठवायचे. कार्यालयातून निरोप आला, ‘सर, पांढऱ्या कागदावर सही करून मोबाइलवर फोटो पाठवा.’ मी घरी, जेवणाच्या टेबलावर, काळ्या शाईच्या पेनाने सही केली. पेन कोरडे होत आले होते. नावाखालची रेघ शेवटाला तुटली. म्हटले, चालेल. फोटो पाठवला. कार्यालयात त्या चित्राच्या कडा छाटल्या गेल्या, मागचा पांढरा रंग काढून टाकला गेला, म्हणजे छापील अक्षरांवर ते ठेवले तरी अक्षरे झाकली जाऊ नयेत. मग ते संगणकात माझ्या नावाने साठवले गेले. दोनचार अक्षरांचा संकेत टाइप केला की सही आपोआप कागदाच्या तळाशी येऊन उभी राहावी, अशीही योजना त्या लिहिण्याच्या कार्यक्रमात असते. आमच्या लिपिकाने ती केली होती, आणि मीच त्याला शाबासकी दिली होती.

टाळेबंदी गेली. चित्र तेथेच राहिले. मला त्याचा विसर पडला.

दोन वर्षांनी एक मुलगी माझ्याकडे आली. खेड्यातून एसटीने येणारी, आईबाप दुसऱ्याच्या रानात राबणारे, शिष्यवृत्तीवर शिकणारी. इतिहासाच्या अंतर्गत परीक्षेत ती नापास, आणि शिष्यवृत्ती थांबलेली. मला तिची उत्तरपत्रिका आठवत होती; वीसपैकी पंधरा दिले होते मी. कार्यालयात गेलो, तक्ता मागवला. तक्त्यात तिच्यापुढे चार. गुण टाइप करताना एक ओळ सुटली होती. तेथून खाली सगळ्यांचे गुण एकेक घर सरकले होते. वरच्याचे खालच्याला, खालच्याचे त्याच्याही खालच्याला. ज्यांचे वाढले ते अर्थातच कोणी बोलले नव्हते. मी म्हणालो, हा तक्ता चुकला आहे. समोरून अगदी नम्रपणे प्रश्न आला, ‘पण सर, सही तुमचीच आहे ना?’

होती. खाली रेघ, आणि रेघेचा शेवट तुटलेला. मी आधीच्या सहामाहीचा तक्ता मागितला. तीच रेघ, त्याच जागी तुटलेली. दोन कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. केसाचाही फरक नाही. पीअर्स साहेबांचा तीस रेघांचा पुरावा माझ्या हातात होता, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. सही खोटी असे मी म्हणू शकत नव्हतो. ती मीच करून दिली होती. मी केले नव्हते ते एवढेच, की तो तक्ता वाचला नव्हता. हाताने सही करायची असती तर कागद माझ्यापुढे आला असता, आणि पंधरा वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाची नजर खालून वर एकदा फिरतेच. हुशार पोरांच्या ओळीत चार आणि पाच दिसले की ती अडखळते. दस्तखत झाले होते, सही झाली नव्हती.

गुण दुरुस्त व्हायला पाच महिने लागले. अर्ज, खुलासे, उत्तरपत्रिकांच्या प्रती, पुन्हा अर्ज. तेवढ्यात शिष्यवृत्तीचा त्या वर्षाचा हप्ता गेला तो गेलाच. मुलीने एक सत्र कापड दुकानात काम केले आणि वर्ष पुरे केले. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, त्यामुळे तर अधिकच लागले.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना या चित्राच्या अंतरंगातले थोडे सांगणे प्राप्त आहे. सहीचे चित्र असलेला दाखला आपण टाइप केलेल्या स्वरूपात तसाच दुसऱ्याला पाठवला, तर ते चित्र त्याला अलगद उचलून घेता येते. आजकालच्या लेखन-कार्यक्रमाची फाइल ही खरे म्हणजे एक गाठोडे असते. ते सोडले की आत मजकूर एकीकडे आणि चित्रे एका वेगळ्या कप्प्यात, सुटीसुटी मिळतात. फाइलला पीडीएफचे रूप दिले तर काम थोडे अवघड होते, अशक्य होत नाही. म्हणून चित्र वापरायचेच तर ते ज्याचे त्याच्याच संगणकावर, परवलीच्या शब्दाच्या कुलपात असावे. प्रत्येक वापराची नोंद असावी, विल्यम क्लार्कच्या यादीसारखी. आणि ती यादी महिन्याला ज्याची सही त्याने पाहावी. शाळा सोडल्याचा दाखला, गुणतक्ता, पैशाचे व्हाउचर, यांवर चित्र वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सभेची सूचना, अभिनंदनाचे पत्र, तेथे खुशाल वापरावे.

कायदा काय म्हणतो? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एक छोटीशी व्याख्या आहे: ‘सही केलेला’ यात शिक्का मारलेलाही धरावा, निवाडा आणि हुकूमनामा मात्र वगळून. म्हणजे इतर कागदांना ठसा चालेल. पण ज्याने माणसाचे घरदार जाणार किंवा राहणार, त्या निवाड्यावर न्यायाधीशाचा हातच हवा. ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी हीही सहीच, असे १८९७ च्या कायद्याने आधीच म्हटलेले आहे. नांगराला आणि अंगठ्याला तेथे मान आहे.

आणि आता ‘डिजिटल सही’ म्हणून जी म्हणतात, तिची व सहीच्या चित्राची गल्लत पुष्कळजण करतात. ही दोन्ही अगदी वेगळी आहेत. डिजिटल सहीत चित्र असलेच पाहिजे असे नाही. तिची मूळ कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडली, आणि तिला चालता हिशेब दिला तो रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी १९७७ साली. ती अशी: संगणक सबंध मजकुराचा एक ठराविक लांबीचा आकडा काढतो. मजकुरात एक काना जरी बदलला तरी तो आकडा पार बदलतो. मग सही करणाराच्या गुप्त किल्लीने त्या आकड्याला कुलूप घालायचे. त्याची जोडकिल्ली जगजाहीर असते; तिने कोणीही ते उघडून पाहावे आणि समोरच्या मजकुराचा आकडा जुळतो का ते ताडावे. जुळला तर दोन गोष्टी सिद्ध: किल्ली त्याचीच, आणि मजकूरही तोच.

श्रोतेहो, हे ऐकून तुम्हाला काही आठवले का? मला मोर्तब आठवले. माथ्यावरची मुद्रा कोणाचा कागद ते सांगे, तळाचे मोर्तब कोठवर तो सांगे, आणि सांध्यावरचा शिक्का मधला ताव बदलू देत नसे. आपल्याकडे नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनाबद्दल ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका घरोघर सांगतात. धरावे याचे मारावे केले, असे. ती खरी मानावी की नाही हा वेगळा प्रश्न. पण तशा गोष्टीत कागद ज्याचा त्याचाच असतो, बदललेले असते ते अक्षर. सहीचे चित्र अशा वेळी मुकाट्याने खाली बसून राहील. डिजिटल सही त्याच क्षणी बोंब मारील.

आपल्या देशात या सहीला २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता मिळाली. तो कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. शेतकऱ्याच्या दारी ती आली २०१८ च्या महाराष्ट्र दिनी, डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला तेव्हा. तलाठ्याच्या मागे सहीसाठी हेलपाटे घालणाऱ्याला त्याचे महत्त्व सांगायला नको. एक गोष्ट मात्र गावातल्या जाणत्यांनी पोचवावी. डिजिटल सही संगणकातल्या प्रतीत जिवंत असते. उतारा कागदावर छापला की त्यावर उरते ती केवळ तिची खूण, आणि खूण तर कोणीही छापू शकेल. म्हणून उताऱ्यावर पडताळणी क्रमांक दिलेला असतो. जमीन घेताना, कर्जाला जामीन राहताना, समोरच्याने दाखवलेल्या कागदावर न थांबता तो क्रमांक सरकारच्या संकेतस्थळावर घालून पाहावा. स्वतःला जमत नसेल तर शाळेतल्या गुरुजींना विचारावे. पाच मिनिटांचे काम आहे.

त्या मुलीचे प्रकरण मिटल्यावर मी कार्यालयाला लेखी पत्र देऊन माझे चित्र काढून टाकायला लावले. त्या पत्राखालची सही हाताची होती हे सांगायला नकोच. तेव्हापासून गुणतक्ता माझ्यापुढे कागदावर येतो. मी नावे बोटाने धरून वाचतो, मग सही करतो. तरुण सहकारी थोडे हसतात. हसोत.

जाता जाता मृत्युपत्राचे सांगतो, कारण खेड्यातून मला त्याबद्दल विचारणा होते. इतके सगळे संगणकावर आले तरी मृत्युपत्र इलेक्ट्रॉनिक सहीने होत नाही. २००० च्या कायद्याने ते वगळलेले आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे करणाराने त्यावर स्वतः सही किंवा निशाणी करावी लागते. हात चालत नसेल तर दुसऱ्याने त्याच्या समक्ष व त्याच्या सांगण्यावरून सही केली तरी चालते. आणि निदान दोन साक्षीदार लागतात, ज्यांनी करणाराला सही करताना पाहिले आहे किंवा त्याच्या तोंडून तशी कबुली ऐकली आहे, आणि ज्यांनी त्याच्या समक्ष आपल्या सह्या घातल्या आहेत.